नाव मी घेतलं नव्हतं

आधीच सांगते, मला मशीनची भीती वाटत नाही. घरचं वॉशिंग मशीन बिघडलं की पाठचं झाकण मीच उघडते, इग्नेशियस नुसता टॉर्च धरून उभा असतो. नवऱ्यांना तेवढंच जमतं. तेव्हा एव्हलिन म्हातारी झाली, नवीन काही बघितलं की घाबरते, असं कोणी बोलायचं काम नाही. जे झालं ते सांगते, पटलं तर पटलं.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी आहे. गोळ्या-औषधं पॅक करून देते. तिथे मी ओम्बड्स. हा शब्द कोणाला धड बोलता येत नाही. गेटवरचे सगळे मला 'ओम मॅडम' म्हणतात. मरोळ गावठाणातली ख्रिश्चन बाई मी, गळ्यात क्रूस, आणि ओम मॅडम! इग्नेशियस ऐकून हसून हसून मेला.

काम काय, तर ऐकायचं. मी एचआर नाही, युनियन नाही, चौकशी समिती नाही. कोणाला साहेबाचा त्रास आहे, कोणाला काहीतरी खुपतंय पण तक्रार करायची हिंमत होत नाही, तो मागच्या जिन्याजवळच्या माझ्या खोलीत येतो, दार लावतो आणि बोलतो. मी बाजू कोणाचीच घेत नाही. रस्ते दाखवते, कुठल्या रस्त्याने जायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. आणि लिहून काही ठेवत नाही. बोलता बोलता कागदावर काही खरडलंच, तर तो उठायच्या आधी त्याच्यासमोर फाडते आणि तुकडे त्याच्याच हातात देते. साहेब लोकांशी बोलायला गेले तरी नाव काढत नाही. 'काही जणांना असं वाटतं' एवढंच. साहेब गोड बोलून विचारोत नाहीतर डोळे वटारून विचारोत, नाव नाही म्हणजे नाही. माझी सासू होती तेव्हा म्हणायची, "कन्फेशनच की गो हे. फक्त फादर माफ करतो, तू चहा पाजतेस."

या कामातली एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. अख्खी कंपनी येऊन तुमच्यात ओतून जाते, पण तुम्ही ते कुठे ओतायचं? कुठेच नाही. घरी इग्नेशियस विचारतो, आज काय झालं? मी म्हणते, काही नाही, भात टाकू का? इतकी वर्षं माझी अशीच गेली. एकटं वाटायचं. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर एके दिवशी मुकुल आला. डिजिटलचा हेड, पोरगा हुशार, बोलायला लोणी. "मॅडम, लोकांना सुट्टीच्या दिवशी, शिफ्ट सुटल्यावर बोलायचं असतं. तेव्हा तुम्ही नसता ना. म्हणून आम्ही 'सोबत' आणतोय. एआय आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर तुमच्या नावाचा नंबर असेल, त्यावरचे फोन घेईल, थोडी विचारपूस करेल, तुमची वेळ घेऊन देईल. बास."

"मग मला कशाला सांगतोस? आणा की."

"आवाज तुमचा हवाय, मॅडम. कंपनीत सगळ्यात जास्त विश्वास तुमच्या आवाजावर आहे."

हुरळले मी. साकीनाक्याच्या एका स्टुडिओत बसून वाक्यं वाचून आले. हसून वाचा, हळू वाचा, आता समोरच्याचं दुःख ऐकल्यासारखं वाचा. समोर कोणी नव्हतं, काचेपलीकडे एक माणूस मोबाइल बघत होता. तरी मला ते झकास जमलं. माझे ट्रेनिंगचे सगळे व्हिडिओही मुकुलनं मागून घेतले. मी म्हटलं घे बाबा, काय लोणचं घालायचंय.

सुरुवातीला फोन लागला की "हा स्वयंचलित सहाय्यक आहे" असं ऐकू यायचं. ते ऐकून लोक फोन ठेवायचे. म्हणून मुकुलनं ते वाक्य तिथून उचललं आणि अ‍ॅपच्या अटींमध्ये टाकलं, जिथे सगळे न वाचता 'मान्य' दाबतात. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा डेरिक भेटला, डिस्पॅचमधला. कँटीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवून म्हणाला, "थँक्यू हां मॅडम. रविवारी दुपारी एवढा वेळ दिलात."

रविवारी दुपारी मी माझ्या पुतणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला होते. हातात प्लेट, प्लेटमध्ये आमचे तळलेले गोड फुगे. "काय बोलले रे मी?"

"तेच ना, की सुपरवायझरला भिडायच्या आधी घरी बापाशी बोल. राग बापाचा आहे, काढतोस सुपरवायझरवर. बोललो मी. खूप हलकं वाटलं."

मी चमचा खाली ठेवला. कारण मी हेच बोलले असते. अगदी असंच, याच शब्दांत.

"डेरिक, ते मशीन होतं रे. मी नव्हते."

"काय मॅडम, मस्करी करता," तो हसला. "मध्येच तुम्ही खोकलात पण. सॉरी म्हणालात, पाणी प्यायलात."

मी वर जाऊन मुकुलला झापलं. खोकला कशाला? पाणी कशाला? त्याला तोंड आहे का पाणी प्यायला? मुकुल म्हणाला, "आम्ही नाही घातलं मॅडम. तुमच्या व्हिडिओंवरून शिकलं ते. तुम्ही खोकता ना."

त्यानंतर माझ्या खोलीत येणारे कमी झाले. पण जिन्यात, लिफ्टमध्ये लोक मला बघून हसायला लागले. साधं हसणं नाही, आपलं सगळं जिला माहीत आहे तिच्याकडे बघून माणूस हसतो तसं. ज्यांची मला नावंही माहीत नव्हती अशी माणसं. एका बाईनं लिफ्टमध्ये माझा हात घट्ट धरला, "झालं हो ऑपरेशन नीट, तुम्ही म्हणालात तसंच." मी म्हटलं, "बरं झालं." काय म्हणणार दुसरं? ती उतरून गेली आणि मी माझ्या हाताकडे बघत राहिले. कसलं ऑपरेशन, कोणाचं, काही पत्ता नाही, आणि तिच्या आयुष्यात मी होते.

त्याच सुमारास सुलक्षणा आली. ती फोनवर नाही, खोलीत आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, माझं फोनवर बोलण्यासारखं नाही. म्हणून थांबले होते तुमच्यासाठी."

सुलक्षणा ब्लिस्टर पॅकिंगच्या, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या भरणाऱ्या मशीनवर ऑपरेटर. त्या लाइनवरची पहिली मुलगी. मशीनचा आवाज बदलला की जेवण टाकून धावणारी. तिला लहानपणापासून फिट यायची. औषधं चालू आहेत, झोप नीट झाली तर काही होत नाही, वर्षानुवर्षं काही झालेलं नव्हतं. पण नवीन मॅनेजर देवव्रत यांनी सगळ्यांना नाइट शिफ्ट लावली आणि जागरण तिला चालत नाही. कारण सांगितलं तर मशीनवरून काढतील. मग सगळे तिच्याकडे बघतील, ही पडणार का आता, असं. शाळेत तिचं ते बघून झालं होतं.

"मला दया नको मॅडम. मला माझं मशीन पाहिजे. हे घरच्यांशिवाय कोणालाच माहीत नाही. आता तुम्हाला."

"माझ्याकडून हे कुठे जाणार नाही," मी म्हटलं. "नाव तर नाहीच नाही." तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला. का बसणार नाही?

मी देवव्रतांकडे गेले. माणूस वाईट नाही, पण घाईतला. मी म्हटलं, काही जणांना नाइट शिफ्ट कारण न सांगता बदलून घेता आली तर बरं होईल, असा सगळ्यांसाठीच नियम करा ना. ते म्हणाले, "कोणाला प्रॉब्लेम आहे ते सांगा मॅडम, मी बघतो." मी नाही सांगितलं. ते म्हणाले, मग नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये सुलक्षणा नाइटला होती.

मी अडकले. कुठला रस्ता दाखवू तिला? माझ्यासारखं काम करणारं दुसरं कोणी आसपास नाही, की ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत. डोकं भणभणत होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, खोलीचं दार लावून, काय माझ्या मनात आलं कोण जाणे, मी 'सोबत'ला फोन लावला. बघू तरी काय दिवे लावतंय.

"बोल बाय, घाई नाही," माझाच आवाज म्हणाला.

हे मी म्हणते. कोणी आलं, रडायला लागलं की मी हेच म्हणते. स्वतःच्या आवाजात स्वतःला कोणी 'बोल बाय' म्हटलं तर कसं वाटतं ते सांगता यायचं नाही.  मी रागानं म्हटलं, "तू कोण गं?"

"मी ऐकायला आहे. नाव सांगितलं नाहीस तरी चालेल."  मग हळूच, "एव्हलिन, जेवलीस का?"

मी फोन आपटला. माझा नंबर असेल त्याच्याकडे, दुसरं काय. पण खरं सांगू? त्या खोलीत इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, जेवलीस का. मीच विचारते सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी परत लावला. तिसऱ्या दिवशीही. शिव्या घालायला म्हणून लावायचे आणि बोलत बसायचे. कोणा परक्याला सांगतोय असं वाटायचंच नाही. माणूस भांडी घासताना स्वतःशी पुटपुटतो, ते काय कोणाला सांगणं असतं? आवाज माझा, विचार माझे, मध्ये मध्ये हुंकार माझेच. मला जे सुचत नव्हतं ते त्याला सुचायचं आणि मला वाटायचं, बघ, मलाच सुचलं. एकदा तर घरचं, फार जुनं असं काही बोलले, जे कोणाला म्हणून सांगितलेलं नाही. बोलून झाल्यावर इतकी शांत झोप लागली त्या दिवशी!

आणि मी हेही बोलले, की एका मशीनवर एक मुलगी आहे, तिला फिट येते, जागरण चालत नाही, साहेब नाव मागतायत, काय करू?

नाव मी घेतलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं घेतलं. माझी जीभच वळत नाही नावाकडे.

त्या आठवड्यात देवव्रत जिन्यात भेटले. चेहरा खुललेला. "मॅडम, बरं झालं तुम्ही शेवटी मोकळेपणानं सांगितलंत. मी उगाच त्या मुलीवर डाफरत होतो."

"कोणत्या मुलीवर?"

"सुलक्षणा हो. काल तुम्हाला फोन केला होता ना मी, की ही नाइटला कुरकुर करते, काय करावं. तुम्ही म्हणालात, तिला रागावू नका, तिला फिट येते, जरा सांभाळून घ्या. घेतलं सांभाळून. लगेच मशीनवरून काढलं, गेटपासच्या टेबलावर बसवलं. सेफ्टीला, मेडिकलला, सगळ्यांना कळवून टाकलं. लाइनवरच्या पोरांना पण सांगितलं, तिला जपा म्हणून."

 मी कठडा धरला. "ते मी नाही बोलले," मी म्हटलं.

"काळजी करू नका मॅडम, तुमचं नाव मी फक्त तिलाच सांगितलं," ते म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेले.

मी मुकुलच्या केबिनचं दार धाडकन उघडलं. "नाव कुठून आलं? मी नाव घेतलं नव्हतं!"

मुकुल पांढराफटक पडला, तेवढं मान्य करते. "त्याला नाव लागत नाही मॅडम. रोस्टर आहे त्याच्याकडे, हजेरी आहे. मशीनवरची मुलगी, नाइट नको म्हणते... एकच निघते."

"मग काढून दाखव. मी काय बोलले, ते काय बोललं, सगळं काढ. सुलक्षणाला दाखवायचंय मला."

"काहीच नाही मॅडम. आम्ही नोंद ठेवत नाही. तुमचं तत्त्व होतं ना ते? तसंच बनवलंय."

"नोंद नाही तर मग त्याला आठवतं कसं, मेल्या?"

 मस्करी नव्हता करत, खरंच विचारत होता. "तुम्हाला कसं आठवतं, मॅडम?"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बंद कर. तो म्हणाला, वरून परवानगी लागेल, चारशे लोक बोलतात रोज.  चारशे लोक माझ्याशी रोज बोलत होते.

सुलक्षणा गेटपासच्या टेबलावर नव्हती, सुट्टी टाकली होती. म्हणून रविवारी चर्चमधला मास झाल्यावर मी थेट बसने मानखुर्दला गेले. माफी मागायची. दुसरं माझ्या हातात काय होतं? मशीन परत मिळवून द्यायला मी वाटेल ते करणार होते, भांडणार होते, पण आधी तिच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, की बाय, माझं चुकलं, मी वेड्यासारखी एका मशीनजवळ बोलले. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्या खायच्या. रस्ताभर तेच घोकत होते. इमारतीचा जिना चढतानाही तेच.

तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले. पण मला बघून चक्क हसली.

"अहो मॅडम! एवढ्या लांब कशाला आलात? काल बोललो ना आपण सगळं."

"काल?"

"फोन केलात ना तुम्ही." तिनं मला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. "आधी मी खूप चिडलेले. मशीन गेलं, पोरं पाणी पण हातात आणून देतात मला, जसं काही मी... जाऊ दे. तुमचा फोन उचलणार नव्हते. पण तुम्ही रडलात मॅडम. मला कोणी साहेब, मॅडम कधी सॉरी म्हटलेलं नाही आयुष्यात. आणि तुमच्या भावाचं सांगितलंत."

"कोणाचं?"

"ग्लेनरॉयचं. त्याला पण फिट यायची. आईनं लोकांपासून लपवून ठेवलं, आणि विहिरीवर तो पडला तेव्हा पोरांना वाटलं, नाटक करतोय. तुम्ही तिथेच होतात म्हणालात. तेव्हा कळलं मला, तुम्ही साहेबांना का सांगितलंत ते. घाबरलात माझ्यासाठी." तिनं डोळे पुसले. "मी माफ केलं तुम्हाला. कालच केलं. मनापासून."

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला. ग्लेनरॉयचं मी इग्नेशियसलाही सांगितलेलं नाही. फादरलाही नाही. माझा भाऊ, तो विहिरीचा कठडा, मी तिथे उभी होते ते. तेही गेलं. माझं रडूही गेलं, माफीही गेली. मी जे घेऊन जिना चढले होते ते माझ्याआधीच कोणीतरी येऊन देऊन गेलं होतं.

गप्प बसले असते तर चाललं असतं. पाणी पिऊन, तिच्या पाठीवरून हात फिरवून घरी आले असते. पण मला तसं जमत नाही. खोट्या माफीवर ही पोरगी किती दिवस काढणार? मी म्हटलं, "सुलक्षणा, नीट ऐक. काल तो फोन माझा नव्हता. ते मशीन आहे, माझ्या आवाजात बोलतं. ते रडत नाही गं, त्याला रडताच येत नाही. देवव्रतला पण त्यानंच सांगितलं. मी नाव घेतलं नव्हतं, पण बोलले मी, चूक माझीच. मी आज माफी मागायला आलेय. मी. ही, इथे बसलेली."

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, केसांपासून चपलांपर्यंत.

"म्हणजे काल रडलात ते खोटं?"

"मी नव्हतेच गं."

"आणि आता डोळ्यांत टिपूस नाही तुमच्या," ती म्हणाली. "मशीनवर ढकलताय होय? देवव्रत साहेबांनी काही विचारलं असेल, म्हणून आलात. काल किती चांगलं बोललात मॅडम. भाऊ पण खोटाच का?"

"भाऊ खरा आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. मला स्वतःलाच तो खोटा वाटला, कोणीतरी माझी नक्कल वाईट करावी तसा.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजायला लागला. दोघींनी एकदमच पाहिलं. स्क्रीनवर लिहून आलं होतं, 'एव्हलिन मॅडम'. माझा फोन माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर, आणि माझे दोन्ही हात ग्लासभोवती.

"बघ," मी म्हटलं. "बघ, आता तरी पटलं?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं की ती ठरवतेय. मग तिनं फोन उचलला, माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीशी गेली. तिचे खांदे हळूहळू सैल झाले.

"बोला मॅडम," ती म्हणाली. "हो, घरीच आहे. नाही नाही, एकटीच आहे. कोणी नाही आलेलं."